चाळणीच्या कड्यातून नेम

अकरावीच्या वर्गाला सापेक्ष वेग समजत नव्हता. चोपड्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचं माझं ते दुसरंच वर्ष, त्यामुळे दोष माझाच असणार असं सगळ्यांचं मत होतं. माझंही. गावाबाहेर एक आबा केळी लावायचे. तरुणपणी ते हवाई दलात होते. लढाऊ विमानांच्या बंदुका आणि नेम धरायची साधनं सांभाळायचे. मी त्यांना वर्गाशी बोलायला बोलावलं.

आबा आले ते फवारणीचा पंप घेऊन. नळीच्या तोंडावर पिठाच्या चाळणीचं रिकामं कडं बसवलेलं, मधे दोन तारांची फुली.

"पहिल्या लढाऊ विमानांवर एवढंच असायचं," ते म्हणाले. "एक कडं आणि त्याच्या पुढे नेमाचा एक मणी."

आबांना चालता निशाणा हवा होता, पण मैदानावर सायकल चालवायला कोणी तयार होईना. आबांनी पंप तीनदा धुतल्याचं शपथेवर सांगितलं, तरीही. शेवटी मी पदर खोचून माझी सायकल काढली. शिपाई पंप मारू लागला. पहिल्या फेरीला आबांनी धार थेट माझ्यावर सोडली. पाणी चार हात मागे पडलं.

"जठे सायकल शे तठे नही मारानं, मॅडम. जठे ती जाणार शे तठे मारानं."

दुसऱ्या फेरीला त्यांनी मला कड्याच्या काठावर धरलं, फुली माझ्या पुढे ठेवली. पाणी माझ्या कानात गेलं. वर्गाला सापेक्ष वेग समजला.

गलका ऐकून प्राचार्य बाहेर आले. ते इतिहासाचे. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "मला भिजवून दाखवा," आणि माझ्याच सायकलवर बसले. धार सुटली तसा त्यांनी करकचून ब्रेक दाबला. पाणी त्यांच्या पुढे पडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त आबांनी.

"हीच तर अडचण होती," ते म्हणाले. कडं एकाच वेगाच्या हिशेबाने केलेलं. समोरच्याने वेग बदलला की नेम चुकला. मग तिरक्या काचेवर दिव्याचं कडं उमटवू लागले, म्हणजे वैमानिकाचं डोकं हललं तरी नेम हलत नसे. त्यानंतर साधनात फिरता भोवरा आला, म्हणजे जायरोस्कोप. विमान वळेल तसं कडं आपोआप सरकायचं.

एका मुलीने विचारलं, "आबा, तुम्ही किती विमानं पाडली?"

"एक बी नही. मी काच पुसे."

मुलं हसली. आबा हसले नाहीत. मुलं गेल्यावर नळी गुंडाळता गुंडाळता ते मला म्हणाले, "एकदा एक वैमानिक परत आला नाही. त्याचा नेम मीच जुळवला होता. विमान जमिनीवर उभं करून, दूरच्या फळीवरच्या खुणांशी. आता विमानच नाही म्हटल्यावर तपासणार काय? तरी जाऊन त्या फळीपाशी उभा राहिलो. खुणा बरोबर होत्या."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानाची काच पुसली. दोनदा."

मी त्यांना चहाला घरी नेलं. ते तीन बशा चहा प्यायले.

पुढे ते दरवर्षी येत राहिले. प्राचार्य दरवर्षी ब्रेक दाबायचे. तिसऱ्या वर्षी आबांनी तो ब्रेक हिशेबात धरूनच नेम घेतला, आणि नेमका त्या वर्षी प्राचार्यांनी ब्रेक दाबला नाही.

नंतर मी धुळ्याच्या कॉलेजात गेले. तिथे तो धडा मी फळ्यावरच शिकवला. मुलं समजलं म्हणाली. किती समजलं, ते मी विचारलं नाही.