महादेवाच्या मंडपाला ग्रिल

आमच्या गावात शहाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. औशाला जाणाऱ्या जीप थांबतात तिथंच निम्मे बसलेले असतात. त्यांतल्याच काहींनी देवस्थान कमिटी काढली आणि महादेवाचं जुनं देऊळ सुधारायला घेतलं. काळ्या दगडाची गार, गुळगुळीत फरशी होती. तिच्यावर न्हाणीघरात लावतात तसल्या टाइल्स ठोकल्या. खांबांना गुलाबी ऑइलपेंट फासला. मंडपाला स्टीलचं ग्रिल बसवलं, त्याला कुलूप. सकाळची आरती झाली की बंद. पावित्र्य म्हणे.

त्या मंडपात मी मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. ऐपत असलेल्यांची पोरं लातूरला खोल्या करून क्लासला बसली होती. माझ्याकडं मैत्रिणीच्या जुन्या नोट्स आणि आमचं पत्र्याचं घर. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली जीव नकोसा होतो, वाचणार काय डोंबल? देवळात मात्र गारवा. शेजारी म्हाताऱ्या तूर निवडत बसायच्या, बांगड्यावाला गठुडं उशाला घेऊन झोपायचा. महादेवानं कधी तक्रार केली नाही. परीक्षा महिन्यावर आली आणि कुलूप पडलं. मग मी घरात डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचे. डोकं भणभणायचं, एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे आणि रडू यायचं.

कळस बसवायच्या दिवशी कमिटीनं लातूरहून व्याख्याते आणले. विषय, प्राचीन समाजात मंदिरांचं स्थान. पूर्वी देवळातच शाळा भरायची, अडीनडीचं धान्य तिथंच साठवायचे, वाटसरू तिथंच मुक्कामाला थांबायचा, तंटे तिथंच मिटायचे, असं ते तासभर सांगत होते. देऊळ म्हणजे अख्ख्या गावाचं घर, म्हणाले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हाताऱ्यांना हाकलणारी कमिटी पहिल्या रांगेत माना डोलवत बसली होती. लाज कशाशी खातात हे या मंडळींना ठाऊकच नसावं.

आभार मानायला मला उभं करणार होते, गावातली हुशार पोरगी म्हणून. मी काय बोलणार ते आदल्या दिवशीच बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "बोल तू. मी हाय मागं."

माईक हातात आला तशी मी अध्यक्षांना म्हणाले, "काका, पाहुण्यांनी सांगितलं तसं आपणही करू. दुपारी ग्रिल उघडं ठेवा. माझी परीक्षा जवळ आली, घरी पत्र्याखाली बसवत न्हाई."

व्याख्याते मोबाइल बघू लागले. अध्यक्षांनी हसत हसत माझ्या हातातून माईक काढून घेतला. "पोरी, ते लई जुन्या काळचं हाय. आता देवळात बायापोरींनी पसारा मांडून बसणं शोभत न्हाई."

त्यालाही टाळ्या पडल्या, तेवढ्याच जोरात.

कुलूप काही निघालं नाही आणि त्या वर्षी माझा नंबरही लागला नाही. कमिटीकडून मला दुसरी अपेक्षा नव्हतीच. पण टाळ्या चालू असताना मी वळून बाबांकडं पाहिलं होतं. तेही वाजवत होते.