घारीचा शेवट मी आधी सांगितला

"आजी, तू ते पार्सल फोडलंस?"

"फोडलं. माझ्या दारात आलं, मीच सही करून घेतलं."

"आणि वाचलंस?"

"मग काय, देव्हाऱ्यात ठेवून पुजायचं होतं व्हय?"

इथपर्यंत मी जिंकत होते. चहा घ्या, गार होतोय. पुढं माझी जी शोभा झाली ती माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर विहीणबाई सांगतील, आणि त्या सांगतील ते शुद्ध भाषेत सांगतील.

मुक्ता माझी नात. मुलगा-सून बेळगावात नोकरीला, पोरगी तिथंच सातवीत. माझ्याकडं निपाणीला येते ती सुट्टीला. तिची दुसरी आजी, म्हणजे माझी विहीण, बेळगावातच, पोरीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. हायस्कुलात शिकवायची, म्हणून पोर तिला बाईआजी म्हणते. मी नुसती आजी. पोटात दुखायला सुरुवात झाली ती इथूनच, खोटं कशाला बोलू?

मुक्ताला कॉमिक्सचं वेड. त्यातली घारी नावाची एक उडणारी पोरगी तिच्या डोक्यात जाऊन बसलेली. बसू दे, माझं काही म्हणणं नाही. पण ह्या वेडाची म्हणून एक वेगळी बोली असते, आणि माझी नात ती बोली बोलणार कुणाशी? तर विहीणबाईंशी! माझ्या घरात बसून, माझ्या हातचे धपाटे खात, फोनवर रोज तासभर.

"बाईआजी, तुझं शिप कुठलं?" म्हणून विचारायची. शिप म्हणजे घारीचं कुणाशी जमावं असं ज्याच्या-त्याच्या मनात असतं ते. अहो, आमच्यात ह्याला सोयरीक म्हणतात. मी आजवर अकरा जमवल्यात आणि एकही मोडलेली नाही. मला विचारलं कुणी? विहीणबाई म्हणायच्या, माझं शिप तो दर्यावर्दी पोरगा. मुक्ता म्हणायची, नाही, तो शास्त्रज्ञ. आणि दोघी खिदळायच्या.

मी शेंगा निवडत ऐकायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. कॅनन म्हणजे अंकात छापून आलेलं, ते खरं धरायचं. हेडकॅनन म्हणजे छापलेलं नसताना आपल्या मनानं धरून चालायचं. उताऱ्यावरची जमीन आणि भावकीच्या तोंडातली जमीन, तसला फरक. रेटकॉन म्हणजे मागच्या अंकात मेलेला ह्या अंकात उठून बसतो आणि लिहिणारा सांगतो, तो मेलाच नव्हता. हे आम्ही दर निवडणुकीला बघतो. ह्यात शिकलेल्या बाईचं एवढं कौतुक ते कशाचं?

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती किराणाच्या पुड्यांच्या कागदावरून. तरण्यापणी आम्ही पंधरा-वीस बायका एका पडवीत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसायचो. वाचता येणारी मी एकटी. मी गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि माझ्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळायच्या. पण आमच्या वाचनाचा एक नियम होता, शेवट आधी सांगायचा. गोष्टीतली पोरगी जगते का मरते ह्या काळजीनं बाईचा हात थांबतो, विडीचं पान फाटतं. शेवट कळला की जीव निवांत, मग गोष्ट कितीही लांबू दे. शेवट न सांगता सुरुवात करणारीला आमच्यात उर्मट म्हणायचे.

हे ध्यानात ठेवा, कारण मी मेले ती ह्याच नियमानं.

त्या सुट्टीत घारीचा शेवटचा अंक यायचा होता. मुक्ता फोनवर सारखी विचारायची, बाईआजी, कुठं स्पॉइलर मिळाला नाही ना तुला? विहीणबाई म्हणायच्या, नाही गं बाई, अजिबात नाही. मी कान टवकारले. म्हणजे ह्या बाईकडं नसलेलं जगात एक तरी काहीतरी आहे तर! मुक्ता जेवायला बसली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, स्पॉइलर म्हणजे काय गं? तोंडात घास होता, ती म्हणाली, शेवट आधीच सांगणं.

माझ्या अंगावर काटाच आला. आयुष्यभर मी जे काम केलं त्याला ह्या लोकांत खास नाव होतं, आणि ते विहीणबाईंना जमत नव्हतं!

शनिवारी त्या अंकाचं पार्सल आलं, मुक्ता शेजारी खेळायला गेली होती. रविवारी विहीणबाई बसनं निपाणीला येणार आणि दोघी मिळून अंक उघडणार, असं ठरलेलं. मी आडकित्त्याच्या टोकानं पुडकं सोडवलं, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचलं आणि भाताच्या खळीनं होतं तसं चिकटवून ठेवलं.

रविवारी विहीणबाई बेळगावची मिठाई म्हणून कुंद्याचा डबा घेऊन आल्या. मुक्तानं पुडकं मधे ठेवलं. हात धुऊन आली, बघा, अंकाला डाग नको म्हणून. मग दोघींचं पुन्हा दर्यावर्दी का शास्त्रज्ञ सुरू झालं. मी पदर सारखा केला, पडवीत बसायचे तशी मांडी घातली आणि म्हटलं,

"वाद घालू नकासा. घारी जगत्या. तिच्या वैऱ्याच्या मुखवट्यामागं तिची सख्खी मावशी हाय. आणि लगीन ती कुणाशीच करत न्हाय."

दोघींच्या सोयरिकी एका दमात मोडल्या. मी कौतुकाची वाट बघत बसले.

मुक्ता रडली नाही. तिनं पुडकं उलटं करून खळीनं चिकटवलेली कड बघितली. मग सुरुवातीला सांगितलं ते भांडण. सहा महिने वाट बघत होते मी, म्हणाली. मी विड्यांचा नियम सांगितला, पडवी सांगितली, उर्मटपणा सांगितला. ती अंक उचलून परसात गेली आणि दार ओढून घेतलं.

आता गप्प बसावं ना माणसानं? मी विहीणबाईंवर घसरले. म्हटलं, तुम्हाला शेवट कळल्याचा राग न्हाय, तो माझ्याकडनं कळल्याचा राग हाय. पोरीला तुम्ही शब्दांनी बांधून ठेवलंय. आज तुमच्या आधी मला काहीतरी ठाऊक झालं, ते तुम्हाला सोसंना.

विहीणबाईंनी परसदार लागलंय का ते वळून बघितलं. कुंद्याचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"विहीणबाई, हा अंक मी परवाच फोनवर वाचलाय, पण शेवट मला स्वतः सांगायची मुक्ताला हौस होती, म्हणून मी गप्प बसले."