दाराखालचं बटण

लाँड्री बंद पडली तेव्हा तिच्या दोन खोल्या कुणी घ्यायला तयार नव्हतं. भिंतींत साबणाचा वास मुरलेला, छताखालून वाफेचे जाडजूड नळ गेलेले. काकूंनी त्या घेतल्या आणि दारावर पाटी लावली, ‘मदत केंद्र’. कोणाला मदत, कशाची मदत, ते मुद्दामच लिहिलं नाही. ज्यांना यायचं होतं ते पाटी न वाचताच आले. घरदार सोडून, देश सोडून आलेली माणसं. आश्रयाचा अर्ज केलेली, आणि त्याचं काय होणार म्हणून वर्षानुवर्षं जीव टांगणीला लागलेली.

काकू शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. काका घड्याळं दुरुस्त करणारे. “निवृत्त झालीस म्हणजे चार दिवस घरी दिसशील असं वाटलं होतं,” काका म्हणायचे.

“दिसते की. जेवायला.”

“तेही आता घड्याळ लावून बघावं लागतं.”

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. केंद्रात सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी अर्ज भरायला मदत, मधल्या वेळेत चहा. दोन वर्षांपूर्वी एका भिंतीवर ओळीने खुंट्या ठोकल्या. खुंट्यांवर नावं लिहायला काकूंनी कागदही कापले होते, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांचे चेहरे पडले. नाव भिंतीवर लागलं की माणूस सापडतो, हे ती माणसं भोगून आली होती. तेव्हा शिवणताईनं तोडगा काढला. ती शिलाईची कामं करणारी, चार वर्षांच्या लेकीला घेऊन एकटीच आलेली. तिनं प्रत्येक खुंटीखाली कापडाची पट्टी टाचली आणि तिच्यावर एकेक बटण शिवलं, एकासारखं दुसरं नाही. तसंच एक सुटं बटण ज्याचं त्याच्या हातात ठेवलं. “हे तुमचं नाव,” ती म्हणाली.

पुढे त्या बटणांचं आणखी एक काम निघालं. दारावर थाप पडली की यांच्यातल्या कितीतरी जणांचे हातपाय गळायचे. शिवणताईला तर हाकेचाही भरवसा नव्हता. तिच्या गावी शेजारणीला पुढे करून, शेजारणीच्याच आवाजात हाक मारायला लावून दार उघडवलं होतं. त्या दारातून तिच्या नवऱ्याला नेलं, तो परत आला नाही. म्हणून केंद्राचा रिवाज पडला: केंद्रात असो की कुणाच्या घरी, आपलं माणूस दार वाजवत नाही. ते आपलं बटण दाराखालून आत सरकवतं आणि गप्प उभं राहतं.

आणखी एक नियम होता, तो खुद्द काकूंचा. यातल्या बऱ्याच जणांना कायमचा पत्ता नव्हता, त्यामुळे सरकारी टपाल केंद्रावर यायचं. खाकी पाकिटं. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या सुताराने असं पाकीट एकट्याने उघडलं, घडी घालून परत खिशात ठेवलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्या दिवसापासून खाकी पाकीट आलं की काकू ते मुकाट्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. दर मंगळवारी वकीलबाई यायच्या, तेव्हाच डबा उघडायचा. कायद्याचं माणूस शेजारी असताना. तोवर त्या माणसाला सांगायचंही नाही, उगाच आठवडाभर झोप कशाला उडवा. आपण केवढं शहाणपण केलं आहे असं काकूंना वाटायचं.

त्या सोमवारी दुपारी त्यांना टाचण्या हव्या होत्या. टाचण्या कुठे सापडेनात म्हणून त्यांनी डबा उघडला. आत तीन पाकिटं होती. वरचं शिवणताईचं. मागच्या मंगळवारी वकीलबाई आजारी होत्या, म्हणून ते तसंच राहिलेलं. उद्या मंगळवार आहेच, असं म्हणत काकू झाकण लावणार, तोच शिक्क्यावरच्या तारखेकडे लक्ष गेलं. एक तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात पंधरा.

मनात पाल चुकचुकली. त्यांनी वकीलबाईंना फोन लावला.

“उघडा,” वकीलबाई म्हणाल्या.

“अहो, दुसऱ्याचं पत्र...”

“काकू, उघडा ते.”

अर्ज नामंजूर. अपील करायचं असल्यास पत्राच्या तारखेपासून चौदा दिवसांत. न केल्यास मायलेकींनी हजर व्हावं आणि परत जाण्याची तयारी ठेवावी.

“म्हणजे आज,” वकीलबाई हळूच म्हणाल्या. “चारला खिडकी बंद होते. कपाटात कोरे फॉर्म आहेत, काढा. मी सांगते तसं लिहा. पण सही तिचीच लागेल, आणि ती स्वतः खिडकीवर असली पाहिजे.”

काकूंनी लिहिलं. शिवणताईचा फोन बंद. चार दिवस ती आलीच नव्हती, लेकीला ताप होता. काकू तशाच अंगातल्या स्वेटरवर निघाल्या. तेव्हा सव्वादोन वाजले होते.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. जिना चढता चढता काकूंना धाप लागली. बंद दाराआडून शिवणयंत्राचा आवाज येत होता, आणि तो ऐकून त्यांना इतकं हायसं वाटलं की काही न सुचून त्यांनी दारावर थाप मारली. एक नाही, चार. पंजाने, जोरात.

यंत्र थांबलं.

आपण काय केलं ते काकूंच्या तेव्हाच ध्यानात आलं. “अगं, मी आहे, काकू,” त्या म्हणाल्या. आत काही नाही. मग पोरीचा आवाज फुटला आणि मध्येच दाबला गेला, तोंडावर हात ठेवल्यासारखा. मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. आणि मग खिडकीची कडी.

ती खिडकी काकूंनी पाहिली होती. तिच्याखाली हातभर रुंदीचा पत्रा, आणि पत्र्याखाली थेट मागचं अंगण. तीन मजले.

ओरडावं तर तीही हाकच. त्यांनी खिसे चाचपले. त्यांचं बटण केंद्रात, दुसऱ्या पिशवीत राहिलेलं. आत खिडकीचं लाकूड करकरलं. तेव्हा त्यांनी स्वेटरचं वरून दुसरं बटण पकडलं आणि ओढलं. निघेना. गेल्या थंडीत ते सुटलं होतं, ते शिवणताईनंच शिवलं होतं. तपकिरी दोरा नव्हता म्हणून हिरव्याने, आणि तिचं शिवणं म्हणजे कायमचं. काकूंनी दातांनी दोरा तोडला, गुडघे टेकले, बटण दाराखालून सरकवलं आणि तिथेच फरशीला कपाळ टेकून राहिल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पावलं. मग काहीच नाही. मग जड वस्तू मागे सरकली आणि दार बोटभर उघडलं. फटीत शिवणताई, कडेवर लेक, लेकीच्या पायांत बूट, एकाचा बंद सुटलेला. मुठीत बटण आणि त्याला लोंबणारा हिरवा दोरा.

“तुम्ही वाजवलंत?” ती म्हणाली. “तुम्ही?”

“चल,” काकू म्हणाल्या. “वाटेत सांगते. पोरीला घे.”

पण वाटेत त्यांना सांगता आलं नाही. रिक्षात शिवणताईनं पत्र मांडीवर घेऊन बोट फिरवत वाचलं, दोनदा. नामंजूर या शब्दावर बोट थांबलं. मग ते तारखेवर गेलं. तिथून हललं नाही. तेच काकूंना सोसेना.

खिडकीवर पोचल्या तेव्हा चार वाजायला बारा मिनिटं होती. शिवणताईनं सही केली, कारकुनाने फॉर्म उलटसुलट केला. “शेवटच्या दिवशीच जाग येते तुम्हा लोकांना,” तो म्हणाला, आणि कपाटाकडे गेला. शिक्क्याची शाई सुकली होती, तो दुसरी शोधायला आत गेला. शिवणताईनं लेकीचा हात इतका घट्ट धरला होता की पोर कळवळली. चारला चार मिनिटं असताना शिक्का पडला. पोच हातात आली.

बाहेरच्या बाकावर काकूंनी सगळं सांगितलं. डबा, मंगळवार, बारा दिवस. “तुला त्रास नको म्हणून ठेवलं गं,” त्या म्हणाल्या, आणि ते ऐकताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

शिवणताईच्या मांडीवर लेक झोपली होती, अंग अजून कढत. मग तिनं ओढणीच्या काठात खोचलेली सुई काढली, काकूंच्या स्वेटरची बाजू धरून जवळ ओढली आणि बटण शिवायला लागली. हिरवा दोरा पुरेना, तेव्हा ओढणीचाच एक धागा ओढून काढला.

“काकू,” ती मान वर न करता म्हणाली, “मी भिते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण भीती माझी आहे. ती तुमच्या डब्यात ठेवू नका. आली की त्याच दिवशी मला द्या.”

“देईन.”

“आणि दार वाजवू नका.”

काकू केंद्रावर परतल्या त्या सरळ डब्याकडे गेल्या. उरलेल्या दोन्ही पाकिटांचे धनी वर्गात बसले होते. काकूंनी त्यांना बाहेर बोलावलं, खुर्च्या दिल्या, शेजारी बसल्या. वकीलबाईंना फोन लावून ठेवला आणि मग पाकिटं त्यांच्याच हातात दिली.

तीन आठवड्यांनी पोस्टमनने पुन्हा एक खाकी पाकीट दिलं. नाव शिवणताईचं. काकूंचा हात सवयीनं डब्याच्या फळीकडे गेला आणि मध्येच खाली आला. त्यांनी पिशवीत बटण आहे ना ते दोनदा पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर यंत्र चालू होतं. काकूंनी बटण आत सरकवलं. यंत्र थांबलं. मग कडी निघाली.

शिवणताईनं पाकीट बघितलं आणि उंबऱ्यातच खाली बसली. काकू तिच्याशेजारी टेकल्या. तिनं कात्रीनं कड नीट कापली, जणू कापडच. बोट फिरवत वाचलं.

“सुनावणीची तारीख दिलीये,” ती म्हणाली. “म्हणजे आम्हाला अजून काढलं नाही.”

“अजून नाही,” काकू म्हणाल्या.

आतून लेकीनं विचारलं, “आई, बूट घालू?”

शिवणताईनं बंद खिडकीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. “नको,” ती म्हणाली. “आज नको.”