वरच्या वहिनी आणि ठकीचा श्वास

'जाऊ दे' हे दोन शब्द वरच्या वहिनींच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. भाजीवाला, घरमालकीण, नवरा, जयपूरचं ऊन, कुणालाच त्यांनी कधी सोडलं नाही. वैशाली नगरात आम्ही खालच्या मजल्यावर राहायचो आणि त्या वर, म्हणून त्या वरच्या वहिनी. माझा नवरा आणि त्यांचे साहेब एकाच बँकेत. मी साताऱ्याची, त्या अमरावतीच्या. जिन्यात माझं 'मला-तुला' आणि त्यांचं 'मले-तुले' रोज तासतासभर गप्पा मारत उभं असायचं.

ठकी ही त्यांची करडी मांजर. मूल नाही म्हणून मांजरीचे लाड चाललेत, असं एका हळदीकुंकवाला कुणीतरी कुजबुजलं. वहिनींनी ते ऐकलं आणि हातातला तिळाचा लाडू न थांबता खात म्हणाल्या, "मूल असतं तरी मांजर पाळलीच असती. तुमची परवानगी नसती घेतली." पुढची पाच मिनिटं सगळ्याजणी फक्त साड्यांबद्दल बोलत होत्या.

पहिल्या उन्हाळ्यात ठकी गच्चीवर कबुतरांमागं धावधाव धावली आणि खाली येऊन कुत्र्यासारखी धापा टाकू लागली. वहिनी घाबरल्या. घरातल्या साडीवरच रिक्षा केली आणि सी-स्कीम भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे पोचल्या. तिथं बाकावर थोडा वेळ बसल्यावर ठकीनं तोंड मिटलं आणि ती चक्क झोपली. डॉक्टर तरुण आणि भला होता. तो हसला, पण त्यानं समजावूनही सांगितलं. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, मांजर सहसा तसं करत नाही. फार पळाली, घाबरली किंवा तापली तर थोडा वेळ तोंड उघडेल, सावलीत शांत बसू दिलं की मिटेल. पण काही न करता, बसल्या जागी तोंडानं श्वास घेऊ लागली, पोट जोरजोरात हलू लागलं, हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसल्या, तर एक क्षणही थांबायचं नाही. त्या फेरीवरून आम्ही वहिनींना वर्षानुवर्षं चिडवलं. त्या चिडल्या नाहीत. विचारायला गेले होते, विचारून आले, एवढंच म्हणायच्या.

आता आमच्याबद्दल सांगायला हवं. बदलीवर जयपुरात आलेली आम्ही मराठी माणसं मे महिन्यात प्रत्येक दुखण्याला एकच नाव द्यायचो. डोकं दुखलं, गर्मी. भूक मेली, गर्मी. दोन माणसं भांडली तरी गर्मी. त्यावर औषधही ठरलेलं, कैरीचं पन्हं पाजायचं आणि कूलरसमोर बसवायचं. मग अशाच एका मे महिन्यात साहेबांची नागपूरला बदली झाली आणि ट्रक दारात उभा असताना ठकी एका कोपऱ्यात तोंड उघडून बसली, तेव्हा निदान सगळ्यांच्या जिभेवर तयार होतं. साहेब म्हणाले, गर्मी आहे, त्यात सामानाच्या आदळआपटीनं घाबरली असेल. माझ्या सासूबाई पन्ह्याची वाटी आणि चमचा घेऊन वर आल्या.

वहिनींनी ठकीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि सासूबाईंच्या हातातली वाटी काढून घेतली. "मावशी, तिले श्वास घेता येऊन नाही राहिला अन् तुम्ही घशात पाणी ओतता? हे गर्मी नाही. ठकी सकाळपासून एका जागी बसून आहे." साहेब घड्याळ बघत म्हणाले, मांजर घरमालकिणीकडे ठेवू, ती बघेल, मला परवा हजर व्हायचंय. वहिनी तोवर झाकणाच्या टोपलीत टॉवेल अंथरत होत्या. वर न बघताच बोलल्या, "बदली तुमची झाली, माही नाही. तुम्ही निघा."

साहेब निघाले. मी वहिनींबरोबर रिक्षात बसले. दवाखान्यातला माणूस संध्याकाळी या म्हणाला, तर त्याला बाजूला सारून त्या सरळ आत शिरल्या. ठकीच्या छातीत पाणी साठलं होतं, हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरनं सुईनं पाणी काढलं, तसा श्वास हळूहळू खाली बसला. कल लातीं तो कुछ नहीं हो पाता, असं तो म्हणाला, आणि हेही की दुखणं औषधावर चालेल, किती चालेल ते सांगता येणार नाही.

रिकाम्या घरात एका चटईवर वहिनी राहिल्या. घरमालकीण किल्ली मागायला आली तेव्हा तिला ऐकवलं, "जब ये मुँह बंद करके सोएगी, तब चाबी मिलेगी." मी डबा घेऊन जायचे. ठकी झोपलेली असायची आणि त्या शेजारी बसून तिच्या पोटाकडे एकटक बघत असायच्या. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा. मी उभ्या आयुष्यात कुणासाठी असं एका जागी ठाण मांडून बसले नव्हते.

डॉक्टरनं प्रवासाला हो म्हटलं त्या दिवशी मीच त्यांना स्टेशनवर पोचवायला निघाले. वाटेत वरातीच्या बँडनं रिक्षा अडवली आणि टोपलीत ठकीनं पुन्हा तोंड उघडलं. वहिनींनी हिरड्या बघितल्या. गुलाबी होत्या. "घाबरली आहे. बसू दे," म्हणत त्यांनी रिक्षा कडुनिंबाखाली घ्यायला लावली. मी गाडीची वेळ सांगत होते, रिक्षावाला सांगत होता. त्या ढिम्म हलल्या नाहीत. ठकीनं तोंड मिटलं तेव्हा गाडी सुटून गेली होती. साहेबांचा फोन आला, ते काय बोलत होते ते मलाही ऐकू येत होतं. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि उद्या येते म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. आमचीही बदली झाली.

त्यानंतरच्या थंडीत त्यांचा फोन आला. ठकी गेली होती, त्यांच्या मांडीवर. एका मांजरीपायी संसार दोन गावांत ठेवला, गाडी सोडली, आणि शेवटी मिळाले ते थोडेच महिने, असं कुणीतरी त्यांना ऐकवणार हे मला दिसत होतं. मी धीराचं काही बोलायला गेले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज भरलेला होता, पण खाली आलेला नव्हता.

"आजारानं गेली ती. गर्मी आहे म्हणून कोणी सोडून दिली, तशी नाही गेली."