फार्समधली लाथ

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी कॅनडात, कॅल्गरीतली माझी नोकरी गेली. पाइपलाइनचे आराखडे तपासायचं काम होतं. एका मंगळवारी एचआरनं बोलावलं आणि अर्ध्या तासात मी हातात खोकं घेऊन ट्रेनच्या फलाटावर उभी होते. त्यानंतर सकाळी अप्लाय करायचं आणि दुपारी भिंती बघायच्या, असं चार महिने चाललं. शेवटी घरात बसवेना, म्हणून जवळच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये तालमी करणाऱ्या एका हौशी नाटक मंडळीत जाऊ लागले. आधी खुर्च्या मांडायला, मग प्रॉम्प्टिंगला.

दिग्दर्शिका सत्तरीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूसही ताठ बसावा. त्यांनी दीडेकशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी फार्स निवडला होता. हिंदुस्थानात गबर झालेला काका लंडनला परततो, त्याच्या इस्टेटीसाठी दोन पुतणे एकमेकांना फसवतात, माणसं कपाटात लपतात, भलत्याच दारातून बाहेर येतात. त्यांनी मला दोन कामं दिली. हा फार्स इंग्रजांच्या राज्यात कुठंकुठं झाला, ते प्रेक्षकांना वाटायला पानभर लिहायचं. आणि काकाच्या हिंदुस्थानी नोकराची भूमिका करायची.

संहिता घरी आणून वाचली. नोकराला धड एक वाक्य नव्हतं. ‘येस साहिब, नो साहिब’ करायचं, सारखं दचकायचं आणि शेवटी काकाची लाथ खाऊन टेबलाखाली जायचं. त्या लाथेवर पडदा.

लायब्ररीत जुनी कात्रणं मिळाली. ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींवर, आफ्रिकेत छावणीत, इथल्याच प्रेअरीच्या गवताळ मुलखात धान्याच्या कोठारात, सगळीकडे हा फार्स झाला होता. नटांची नावं बदलत होती, लाथेचं कौतुक तेवढं तसंच. मी टिपणं काढत होते. नाही म्हणायला हवं, हे कळत होतं. पण एका ठिकाणाहून काढून टाकल्यावर दुसऱ्या ठिकाणाहून आपणहून उठायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

रविवारी नागपूरला बाबांना फोन केला. बाबा रेल्वेत फिटर होते. सहज म्हणून नाटकाची गोष्ट सांगितली, तर ते हसायलाच लागले.

“अवं, हे नाटक तं आम्ही केलंय! मराठीत. नोकर मीच होतो.”

“आणि लाथ, बाबा?”

“लाथ नव्हती आमच्यात.”

मग त्यांनी सांगितलं. इंग्रजांच्या वेळी रेल्वे कॉलनीच्या क्लबात गोरे अधिकारी हा फार्स करत. पडदा ओढायला आमच्याच वस्तीतला एक शिपाई असे. ऐकून ऐकून त्याला सगळं नाटक पाठ झालं. पुढे म्हातारपणी त्यानं ते बाबांच्या मंडळाला तोंडी सांगितलं आणि पोरांनी मराठीत उतरवलं. त्यात काका विलायतेहून येतो, मोडकंतोडकं मराठी बोलतो आणि साऱ्या गोंधळात खरी गोष्ट फक्त नोकराला ठाऊक असते.

“आम्ही म्हटलं, शेवटी लाथ ठेवू, लोक हसतील. तं म्हातारा म्हणाला, ‘मी लई वर्षं तिच्यावर पडदा पाडला. आता नाही पाडत.’ मग शेवटी काकाच टेबलाखाली गेला.”

दुसऱ्या दिवशी मी तालमीच्या तासभर आधी गेले. पाठ केलेलं इंग्रजी दारातच विसरले आणि सरळ त्या पडदेवाल्याची गोष्ट सांगितली. दिग्दर्शिकाबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं.

“महिनाभर त्या लाथेचं काय करायचं तेच मला सुचत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुला विचारायची लाज वाटत होती. म्हणून इतिहासाचं काम दिलं. तू वाचशील आणि स्वतःच येऊन माझ्यावर ओरडशील, असं वाटलं होतं.”

“मी घाबरले होते.”

“मग आपण दोघीही घाबरलो होतो,” त्या म्हणाल्या, आणि मला एकदम मोकळं हसू आलं. कितीतरी दिवसांनी पोटभर हसले.

आम्ही संहितेवर पेन्सिल चालवली. माझा नोकर नीट इंग्रजी बोलू लागला आणि काका मोडकं हिंदी. काकाचं काम करणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. मोडक्या हिंदीतली वाक्यं ते माझ्याकडून घोकून घेत आणि मोडकी वाक्यंसुद्धा चुकवत.

प्रयोग शनिवारी दुपारी झाला. बाहेर उणे वीस, तरी खुर्च्या भरल्या. शेवटी काका टेबलाखाली शिरले, मी टेबलक्लॉथ सारखा केला, त्यावर चहाचा ट्रे ठेवला आणि प्रेक्षकांकडे बघून एक घोट घेतला. हशा इतका उसळला की पडदा ओढणारी बाईच दोर धरून उभी राहिली. पडदा उशिरा पडला.

मी लिहिलेल्या पानावर खाणी, छावण्या आणि कोठारं यांच्याखाली नागपूरचा तो क्लब होता आणि पडदेवाल्यावर चार ओळी होत्या. नाव बाबांनाही आठवेना, म्हणून नुसतं ‘पडदा ओढणारा’ लिहिलं. एक वयस्क बाई ते पान घडी करून पर्समध्ये ठेवताना दिसल्या.

नोकरी लागायला पुढे आणखी तीन महिने गेले. पण त्या दुपारी कपडे बदलताना मी त्याचा विचारही करत नव्हते. बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे पहाट होती.

“हसले का लोक?”

“हसले, बाबा.”

“कुठं हसले, ते सांग आधी,” ते म्हणाले. मी स्टुलावर बसले आणि पहिल्या प्रवेशापासून सांगायला लागले.