बारामती, इंदापूर आणि कुमुदचे जेवण

पुणे, ८ फेब्रुवारी १९५५

दिवाळीनंतर आपल्या महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मी एक ओळही दिली नाही. संपादिकाबाईंनी दोनदा निरोप पाठवला, मी दोन्ही वेळा सर्दीचे निमित्त सांगितले. त्याबद्दल सर्व मैत्रिणींची क्षमा मागते. नाताळच्या सुट्टीत नरसिंहपूरला जाऊन आल्यावर प्रवासवर्णन देईन, असे मी कबूल केले होते. नरसिंहपूर काही पाहून झाले नाही. तेव्हा हे वर्णन बारामती आणि इंदापूर एवढ्याचेच आहे. लहान मूल घेऊन त्या बाजूला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, असे वाटते.

जाण्याचे कारण सासूबाईंचा नवस. आमची कुमुद आता सहा वर्षांची आहे. ती चार वर्षांची असताना संक्रांतीला शेजारच्या घरी तिने तिळाची वडी खाल्ली. वडीत दाण्याचे कूट होते. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, "ही ऍलर्जी. दाणा तिला विष समजा." सासूबाईंनी त्याच दिवशी नरसिंहपूरच्या कुलदैवताला नवस बोलला.

हा आजार घराबाहेर सांगायचा नाही, असे आमच्या घरी ठरले. मुलीची जात, उद्या लग्नाचे बघायचे. 'श्वास अडकणारी पोर' असे नाव एकदा पडले की पुसता येत नाही. म्हणून कोणी काही पुढे केले, की आम्ही म्हणायचो, "तिला दाणे आवडत नाहीत." कुमुदही तेच म्हणायला शिकली. तेव्हापासून तिचे खाणेही फार चिकित्सेचे झाले. दूधभात, भाकरी-तूप, केळे, गूळ. उसळीकडे ती पाहतसुद्धा नाही. लाडू फोडून आत डोकावते आणि तसाच परत ठेवते. नातेवाईक म्हणतात, एकुलत्या मुलीचे लाड. मीही कधीकधी तसेच म्हणत असे.

हे, मी आणि कुमुद असे तिघे निघालो. दौंडपर्यंत मोठी गाडी, तिथून बारामतीची छोटी गाडी. ही छोटी गाडी इतकी सावकाश जाते, की शेतातल्या माणसांशी बोलता येते. पाणी घरचे घ्यावे. आम्ही फिरकीचा तांब्या भरून नेला होता. धर्मशाळेत खोली मिळते, पण भांडी स्वच्छ नसतात. मी स्टो, पातेले आणि तांदूळ बरोबर घेतले होते. हे चिडवत होते, "सहलीला निघालोय की बिऱ्हाड हलवतोय?"

बारामतीत पहिला दिवस खरोखर चांगला गेला. पेठेत गुळाच्या ढेपांनी भरलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्या गावाला गोड वास होता. दुपारी कालव्याच्या कडेने चालत एका गुऱ्हाळावर गेलो. तिथले म्हातारे शेतकरी, त्यांना सगळे तात्या म्हणत, स्वतः उठून आले. कुमुदला भाकरीवर गरम काकवी दिली. काकवी पारदर्शक असते, आत काही लपत नाही. कुमुदने बोटाने चाटून पाहिली, मग सगळी भाकरी खाल्ली. बाहेरच्या हातचे एवढे तिने कधी खाल्ले नव्हते.

तात्यांनी मग ओंजळभर भाजक्या शेंगा पुढे केल्या. कुमुद माझ्या पाठीमागे गेली.

"मला आवडत नाहीत," ती म्हणाली.

"शेंगा आवडत न्हाईत? मग खातीस काय गं बाय, पुण्याचा वारा?"

सगळे हसले. हेही हसले, मीही हसले. कुमुद हसली नाही. तिने माझा पदर इतका घट्ट धरला होता, की खांद्यावरची पिन उघडली.

दुसऱ्या दिवशी एस. टी.ने इंदापूर. रस्ता खडीचा, धूळ फार. रुमाल ओला करून नाकाला धरावा. उसाचा पट्टा संपला की जमीन उघडी पडत जाते. इंदापुरात उतरलो तर पुढे नरसिंहपूरला न्यायला बैलगाडी सकाळीच मिळणार होती. मुक्काम करणे भाग होते. आणि स्टो पेटेना. धक्क्यांनी त्याचा वायसर गेला होता.

स्टँडजवळच्या हॉटेलात भजी तळत होते, तेल दाण्याचे. तिथल्याच एकाने अनसाबाईंची खानावळ दाखवली. साठीच्या बाई, कपाळ मोकळे, आवाज मोठा. चुलीपुढचे सारवण इतके स्वच्छ, की मला हायसे वाटले. मी विचारून घेतले, "भाजीत कूट असतं का?"

"आता कुटाबिगर भाजी व्हती व्हय बाई?"

"मग हिला भाजी नको. भाकरी-तूप द्या. हिला दाणे अजिबात आवडत नाहीत."

अनसाबाईंनी कुमुदचे मनगट हातात घेतले. "आगं आई गं! हे मनगट हाय का काडी? काय आवडत न्हाय म्हणून असं करून चालतंय व्हय? थांब, तुला दशमी करून घालते. दूध आन् गूळ. ती तरी आवडती का न्हाय?"

कुमुदने माझ्याकडे पाहिले. घरी मी दशमी करते आणि ती खाते. दशमी साधी, आत काही नसते. मी म्हणाले, "खा. दशमीच आहे."

तिने अर्धी खाल्ली. अनसाबाई समोर बसून कौतुकाने बघत होत्या. मग कुमुद थांबली. "आई, जिभेला मुंग्या येतात."

"गरम आहे म्हणून असेल," हे म्हणाले. "पानात टाकायचं नाही. बाईंनी मुद्दाम केलीय."

मी तिच्यापुढे पाणी सरकवले. तिने आणखी एक घास घेतला. मग खोकला सुरू झाला.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. तिचे डोळे सुजून मिटत गेले, आणि ह्यांनी तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे पळत नेले. मी पाठोपाठ. डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्लं हिने?"

हे म्हणाले, "काही नाही. प्रवासाचा त्रास असेल."

तिच्या घशातून बारीक शिटीसारखा आवाज येत होता, आणि तरी माझ्या नवऱ्याच्या तोंडून ठरलेलेच उत्तर आले. मी म्हणाले, "हिला दाण्याने असं होतं. पण आज दाणा पोटात गेलेला नाही. मी विचारून घेतलं होतं."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "गेलाय! म्या घातलाय!"

अनसाबाई अनवाणी धावत आल्या होत्या, हाताला पीठ तसेच. "दशमीच्या पिठात बारीक कूट मळलं म्या. दिसू न्हाय दिलं. वाळल्याली पोर, म्हटलं अंगाला लागंल."

डॉक्टरांनी पुढे एक शब्द विचारला नाही. इंजेक्शन दिले. आम्ही तिच्या छातीकडे पाहत उभे होतो. बऱ्याच वेळाने ती शिटी थांबली. थांबली तेव्हा मला वाटले, सगळेच थांबले. पण ती श्वास घेत होती.

बाहेर ओट्यावर अनसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला राग यायला हवा होता, आणि आलाही होता. मी म्हणाले, "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"आवडत न्हाय म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. वर पाहिलेसुद्धा नाही. "माझ्या पोरांना मेथी आवडत नव्हती, ती बी अशीच चारली म्या. दाणा सोसत न्हाय, जीव जातू, असं म्हणाला असता, तर दाण्याचं भांडं बी म्या तिच्याम्होरं आणलं नसतं. असं का न्हाय सांगितलं, बाई?"

उत्तर होते, पण ते दवाखान्याच्या ओट्यावर कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

सकाळी हे एकटेच बैलगाडीने नरसिंहपूरला गेले आणि नवस फेडून आले. तिथला नद्यांचा संगम सुंदर आहे म्हणतात. मी दवाखान्यातच कुमुदजवळ थांबले. अनसाबाई दूध घेऊन आल्या. भांडे राखेने घासून, उकळत्या पाण्याने धुऊन आणले होते. आमच्यासमोर वाटीत थोडे ओतून त्या स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, "बघ बाळा, नुसतं दूध हाय." कुमुदने भिंतीकडे तोंड फिरवले. त्या बराच वेळ भांडे धरून बसल्या, मग तसेच घेऊन गेल्या. निघताना मी त्यांना भेटायला गेले नाही. जायला हवे होते, असे आता वाटते. तेव्हा जमले नाही.

घरी आल्यापासून कुमुद माझ्याही हातचे सरळ खात नाही. ताट पुढे आले की म्हणते, "आधी तू." मी एक घास खाते. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहते, मग खाते. दुधाचेही तसेच, पाण्याचेही. पण मला दाणा सोसतो. माझ्या घासावरून तिला काय कळणार? हे तिला मी सांगितलेले नाही. सांगितले तर ती जेवेल कशाच्या भरवशावर?

परवा ती शाळेतून डबा तसाच परत घेऊन आली. शाळेत तिच्या वर्गात एका मुलीचा वाढदिवस होता, दाण्याचे लाडू वाटले. बाईंनी लाडू कुमुदच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा, नखरे नकोत." तिने तो मुठीत धरून घरापर्यंत आणला. मूठ उघडली तेव्हा तळहातावर लाल चट्टे होते. मी हात धुतला, धुतच राहिले.

हे म्हणतात, "शाळेत सांगितलंस तर पेठभर होईल." होईल. हे हस्तलिखित मंडळात फिरेल, तेव्हा अर्ध्या पेठेला आधीच कळेल. ह्यांनी हा लेख वाचलेला नाही. वाचून दाखवावा का, याचा मी गेले काही दिवस विचार केला आणि न दाखवताच देते आहे. हे बरोबर आहे की नाही, मला खात्री नाही. दुसरे ठरवून घेतलेले मात्र पक्के आहे.

उद्या: कुमुदच्या शाळेत जाऊन बाईंना सांगणे, की तिला दाणा सोसत नाही.