मी नाय अ‍ॅडजस करणार

कुणी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हटलं की ती कोयता ओंडक्यावर आपटायची. समोर मासा असो वा नसो. मग म्हणायची, “मी नाय अ‍ॅडजस करणार. तू कर.”

ती मनोरीची कोळीण. सकाळी फेरीबोटीने मार्व्याला, तिथून बसने मालाडला, आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत. अशी फटकळ बाई तुमच्याही गल्लीत बसत असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं.

हा शब्द आपण कशाला लावत नाही? घड्याळाचा पट्टा, गॅसची ज्योत, सासरचा स्वभाव, सगळं अ‍ॅडजस्ट. तिच्या वाट्याला तो दिवसभर यायचा. “मावशी, एक पापलेट जास्त टाका, अ‍ॅडजस्ट करा.” “पाटी आत घ्या, गाडी लावायचीय, अ‍ॅडजस्ट करा ना.” तुम्ही नीट पाहा, हा शब्द नेहमी उभा माणूस बसलेल्याला सांगतो. मला त्याची चीड आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते हे कळल्यावर एकदा बोंबील साफ करता करता तिने विचारलं, “ए बाय, त्या अ‍ॅडजसचा खरा अर्थ काय गं?”

मी सांगितलं की शब्द मुळात लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पहिला अर्थ जवळ आणणं, एकाला लागून दुसरं ठेवणं. पुढे लोकांना वाटलं त्यात न्यायाचा ‘जस्ट’ आहे, आणि तो तसाच रुळला.

“म्हंजे न्याय नाय त्यात?”

“नाही. तो लोकांचा गैरसमज.”

“मना ठाऊकच होता!” ती खदखदून हसली आणि दोन बोंबील वर टाकले.

पावसाळ्यात होड्या बंद असल्या की ती यायची नाही. तिचा चिंचेचा ओंडका मात्र गोणपाटात गुंडाळून जागेवरच असायचा. तो तिच्या सासूचा. सासूही तिथेच बसायची. ओंडका आहे म्हणजे बाई येणार, ही सगळ्या गल्लीला माहीत असलेली रीत. त्याला कुणी हात लावत नसे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सेक्रेटरींनी लावला. मी सुट्टीत गावी गेले होते. परत आले तर तिच्या जागी सिमेंटच्या कुंड्या, त्यात क्रोटन. ओंडका कचऱ्याच्या डब्यांमागे. मी त्यांच्या दारात जाऊन भांडले. “फुटपाथ काय सोसायटीच्या बापाचा आहे?” असंही बोलले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ब्युटिफिकेशन आहे.” मीटिंगमध्ये विषय काढला तर सगळे मान खाली घालून चहा प्यायले. याच लोकांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं कोलंबी सोलून घेतली होती, फुकट.

नारळी पौर्णिमा झाली आणि ती आली. नवीन लुगडं, डोक्यावर पाटी. कुंड्यांसमोर नुसती उभी राहिली. सेक्रेटरी गेटमधून म्हणाले, “मावशी, तिकडे गटाराजवळ अ‍ॅडजस्ट करा की.”

मी कोयत्याच्या आवाजाची वाट पाहत होते. पण आपटायचा कशावर?

शेजारी बसणारी तिच्याच गावची म्हातारी आपली पाटी सरकवून म्हणाली, “ये गं, माझ्या जवळ बस.”

“तुजी जागा तुजी,” ती म्हणाली. “मी माजी मागतंय.”

तिने डब्यांमागून ओंडका ओढून काढला, पदराने पुसला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं. मला म्हणाली, “बाय, हात दे.” तो आम्ही दोघींनी उचलून पाटीत ठेवला, पाटी तिच्या डोक्यावर दिली. वळताना ती सेक्रेटरींना म्हणाली, “मी नाय अ‍ॅडजस करणार.” या वेळी आवाज चढला नव्हता.

ती परत आली नाही. मी महापालिकेत दोन अर्ज दिले, कुंड्या जागच्या हलल्या नाहीत. म्हातारीला विचारलं तर म्हणते, गावीच असते, घराबाहेर फारशी पडत नाही.

परवा सेक्रेटरी गेटपाशी भेटले. हातात फ्रोजन माशांचं पाकीट. म्हणाले, “तिच्या बोंबलांची चव नाही हो याला. पण काय करणार, अ‍ॅडजस्ट करायचं.”

माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो मी त्यांच्या कुंडीवर जोरात आपटला. ते दचकून मागे सरले.

“मी नाय करणार,” मी म्हटलं.